पन्नास तासांचे कोर्स, की वर्गात येणारा विशेष शिक्षक?

तक्ताखडू (धागाकर्ता)

समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे दिव्यांग मुलांना नियमित वर्गातच शिकवण्याच्या, नावाखाली नियमित शिक्षकांना जी प्रशिक्षणं दिली जातात, त्यांच्याबद्दल हा धागा. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल: ऑनलाइन कोर्स बंद करा आणि तोच वेळ विशेष शिक्षकाबरोबर (दिव्यांग मुलांना शिकवण्याचं खास प्रशिक्षण घेतलेला शिक्षक) स्वतःच्या वर्गात घालवू द्या.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची संधी मिळावी असं म्हटलंय. दिवसाचे सहा तास धरले तर आठ दिवसांवर जातं हे. त्यातला दिव्यांगत्वाचा भाग बहुतेक वेळा असा असतो: २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांची यादी, प्रत्येकाची व्याख्या, चार लक्षणं, शेवटी पर्यायी प्रश्न. चुकलं तर पुन्हा सोडवा, जमलं की प्रमाणपत्र. थॅलेसेमिया या यादीत आहे हे शिक्षकाला कळतं. पण तिसरीतल्या ज्या मुलाला 'भ' आणि 'म' वेगळे दिसत नाहीत, त्याच्यापुढे सोमवारी काय ठेवायचं ते कळत नाही.

त्याऐवजी एका मुलासाठी सहा भेटी. पहिल्या भेटीत विशेष शिक्षक मागे बसून अर्धा तास फक्त बघतो आणि टिपतो. दुसऱ्या भेटीत पंधरा मिनिटं तो स्वतः शिकवतो, नियमित शिक्षक बघतो. तिसऱ्या-चौथ्या भेटीत उलट, आणि लगेच दहा मिनिटं बोलणं. पाचवी भेट दोन आठवड्यांनी, कारण मधे कुणी नसताना काय टिकतं ते पाहायचंय. सहावी उद्दिष्ट तपासायला. उद्दिष्ट 'वाचनात प्रगती' असं लिहायचं नाही. 'बिनजोडाक्षरी २० शब्दांपैकी १६ मदतीशिवाय, सलग तीन दिवस' असं लिहायचं.

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स १९८० पासून हेच सांगत आले: व्याख्यान ऐकून, प्रात्यक्षिक पाहूनसुद्धा नवी पद्धत वर्गापर्यंत पोचत नाही. सोबत कुणीतरी लागतं.

दोनशिक्षकी

साफ असहमत. आधी हिशोब करू.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर झाली, म्हणजे केंद्राला एक. केंद्रात दहा-पंधरा शाळा असतात, बारा धरू. महिन्याचे कामाचे बावीस दिवस. त्यातून शिक्षण परिषद (केंद्रातल्या शिक्षकांची मासिक बैठक), तपासणी शिबिर, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मुलांना रुग्णालयात नेणं आणि माहिती भरणं वजा करा. सतरा-अठरा दिवस उरले तर नशीब. शाळेला महिन्याला दीड भेट! तुमच्या सहा भेटी पुऱ्या व्हायला चार महिने, तेही शाळेत एकच मूल असेल तर. उरलेल्या मुलांनी रांगेत उभं राहायचं का?

धारणी किंवा अक्कलकुव्याच्या बाजूला पावसाळ्यात त्या दीड भेटीही होत नाहीत. तिथे पहिली ते चौथी दोघंच सांभाळतात, एकाच खोलीत दोन-दोन इयत्ता. त्या शिक्षकाच्या फोनवर आधी उतरवून ठेवलेला वीस मिनिटांचा चांगला व्हिडिओ ही त्याच्याकडे पोचणारी एकमेव मदत असते. कोर्स वाईट आहे तर कोर्स सुधारा. स्वयंपाक बिघडला म्हणून कुणी चूल मोडत नाही.

आणि स्लाइडवर फिरणारा तो '५ टक्के विरुद्ध ९५ टक्के' तक्ता (नुसत्या प्रशिक्षणाने ५ टक्के शिक्षक नवी पद्धत वर्गात वापरतात, सोबत कुणी असेल तर ९५ टक्के) पुढे कुणी इथे डकवण्याआधीच सांगतो: तो जॉइस-शॉवर्स यांचा ढोबळ अंदाज आहे. बहुवर्ग शाळेत कुणी ते मोजलेलं नाही.

कर्णयंत्र

श्रवणदोष क्षेत्रातला विशेष शिक्षक म्हणून लिहितो. दोघांचंही अर्धंच पटलं.

व्हिडिओने काय होतं आणि काय होत नाही, याचं एकच उदाहरण घेऊ: श्रवणयंत्राची सकाळची तपासणी. दोन-तीन मिनिटांचं काम आहे आणि ते व्हायला हवं नियमित शिक्षकाकडूनच, कारण रोज तोच तिथे असतो.

व्हिडिओ हे नीट शिकवू शकतो: झिंक-एअर सेलचं स्टिकर काढल्यावर त्याला मिनिटभर हवा लागू द्यायची, मगच आत बसवायचा. एकदा स्टिकर निघालं की परत चिकटवून सेल वाचत नाही. कानात बसणाऱ्या साच्याच्या भोकात मळ आहे का, नळीत घामाचा थेंब अडकलाय का, नळी पिवळी पडून कडक झालीय का, हे बघायचं. यंत्र शिट्टी मारत असेल तर बहुधा साचा सैल झालाय. मूल वाढतं तसा कानही वाढतो, साचा मात्र तेवढाच राहतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे शिट्टीचा त्रास नको म्हणून आवाज कमी करणं किंवा यंत्र दप्तरात टाकणं. मग मूल 'लक्ष देत नाही' असा शेरा.

व्हिडिओ जिथे हरतो ती पुढची पायरी: सहा ध्वनींची चाचणी. आ, ई, ऊ, म, श, स. मुलाने ऐकून टाळी वाजवायची किंवा तोच ध्वनी म्हणायचा, आधी एक मीटरवरून, मग तीन मीटरवरून. पर्यायी प्रश्नात सगळे शिक्षक बरोबर उत्तर देतात. प्रत्यक्षात दोन गोष्टी चुकतात. एक, ओठ दिसतात. तोंडापुढे हात धरला तर आवाज दबतो, म्हणून पातळ कापड ताणलेली गोल चौकट धरायची किंवा मुलाच्या मागे उभं राहायचं. दोन, शिक्षक ठरावीक तालात बोलतो: आ... ई... ऊ... मूल ताल ओळखून टाळी देतं, आणि आपण समजतो ऐकू आलं. मधेच पाच सेकंद, मधेच दहा सेकंद थांबावं लागतं, क्रम बदलावा लागतो. ही चूक करणाऱ्याला स्वतःची कधीच कळत नाही, शेजारी उभ्या असलेल्यालाच दिसते. आ-ऊ येतात पण स-श हुकतात, याचा अर्थ वरच्या पट्टीचे आवाज पोचत नाहीयेत. पुढचं काम ऑडिओलॉजिस्टचं, शिक्षकाने मोठ्याने ओरडून ते सुटत नाही.

म्हणून माझ्या लेखी व्हिडिओ आणि एक भेट, बस्स. सहाची गरज इथे नाही. वर्तनाच्या प्रश्नात सहासुद्धा कमी पडतील. कौशल्य कोणतं, यावर भेटींची संख्या ठरवा ना.

आता आमच्या प्रशिक्षणाबद्दल, ज्यावर धाग्यात कुणीच बोललं नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत १०० गुण लागतात. चर्चासत्राला बसलं की गुण. आमची पदविका किंवा बी.एड. बहुतेकांची एकाच क्षेत्रातली: श्रवण, दृष्टी किंवा बौद्धिक. केंद्रावर मात्र एकवीसच्या एकवीस प्रकार वाट्याला येतात. मग होतं काय, जवळ आणि स्वस्त पडेल ते चर्चासत्र, बहुधा स्वतःच्याच क्षेत्रातलं. श्रवणवाला आणखी श्रवण शिकतो आणि स्वमग्न मुलापुढे नियमित शिक्षकाइतकाच गांगरतो. निम्मे गुण दुसऱ्या क्षेत्रातले, आणि तेही प्रत्यक्ष मुलांसोबतच्या कामाचे असावेत. धागाकर्त्याचा तो 'सोबत असणारा' माणूसच अर्धवट शिकलेला असेल तर भेटी वाढवून काय साधणार?

रफार

कर्णयंत्र, +१. विशेषतः चौकटीबद्दल. कशिदा काढायची रिंग चालते, त्यावर मलमलचं एकपदरी कापड.

वाचन-लेखनाबद्दल माझा मुद्दा वेगळा आहे. आपल्या कोर्सचा मजकूरच परभाषेतून उचललेला आहे. अध्ययन अक्षमतेची ओळख करून देताना अजूनही इंग्रजी 'बी' आणि 'डी' उलटे लिहिण्याचं चित्र दाखवतात. मराठी मुलाची अडचण तिथे नसते. भ-म, घ-ध, ट-ठ, ड-ढ या जोड्या, हाताने लिहिलेला 'ख' आणि 'रव', आणि त्याहून अवघड म्हणजे ऱ्हस्व वेलांटी: डोळ्याला अक्षराच्या आधी दिसते, जीभ ती नंतर उच्चारते. रफाराचं त्याच्या उलट. 'र्' आधी उच्चारायचा आणि चढवायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. हे एकाही स्लाइडवर नसेल तर शिक्षक 'निष्काळजी' म्हणून मोकळा होतो.

यासाठी ना पन्नास तास लागतात, ना सहा भेटी. महिन्याची शिक्षण परिषद आहेच, तिचे दोन तास द्या. प्रत्येक शिक्षकाने आधी वर्गात २० शब्दांचं श्रुतलेखन घ्यायचं: पाच बिनमात्रेचे, पाच काना-वेलांटीचे, पाच उकार-मात्रांचे, पाच जोडाक्षरांचे. दहा वह्या घेऊन यायचं. चुका चार ढिगांत वेगळ्या करायच्या. एखाद्या मुलाच्या सगळ्या चुका एकाच ढिगात पडल्या तर शिकवायचं काय ते आपोआप कळतं. चारही ढिगांत पसरल्या तर विशेष शिक्षकाकडे ते मूल आधी.

एक धोक्याची सूचना. शिक्षक छान अक्षरातल्या वह्या निवडून आणतात, आणि त्या फळ्यावरून उतरवलेल्या असतात. त्यात चुकाच नसतात, दोन तास वाया. श्रुतलेखनाचीच पानं हवीत, खाडाखोडीसकट.

आणि हो, विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांआधी मिळत नाही. तोवर 'कागद येऊ दे, मग बघू' म्हणणं म्हणजे पहिली-दुसरी फुकट घालवणं. प्रशिक्षणात हे वाक्य तरी ठळक छापा.

मोठी_सुट्टी

मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून दोनच गोष्टी.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत नियमित शिक्षक एका मुलाबरोबर बसणार, तेव्हा बाकीचे पस्तीस कोण बघणार? उत्तर 'विशेष शिक्षक' असेल तर तसं आधीच ठरवून द्या. नाहीतर तो येताच 'तुमचं मूल घ्या' म्हणून मूल व्हरांड्यात रवाना होतं, आणि वर्षभर त्याची तिथेच शाळा भरते. विशेष शिक्षक जितका जास्त येईल तितकी ही सवय वाढते. २०१६ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये खास प्रशिक्षित शिक्षक नेमणं आणि बाकी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं, दोन्ही सांगितलंय. एकाच्या बदल्यात दुसरं नव्हे.

दुसरं, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रमाण घालून दिलं: प्राथमिकला दिव्यांग १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढे १५ मुलांमागे एक. केंद्राला एक हे गणित त्यात कुठे बसतं ते ज्याने त्याने आपल्या केंद्राची पटसंख्या काढून बघावं.

तक्ताखडू

व्हरांड्याचा मुद्दा खरा आहे आणि माझ्या मांडणीत तो सुटला होता. दुरुस्ती करतो: भेटीदरम्यान मूल वर्गाबाहेर जाणार नाही, आणि नियमित शिक्षक मुलाजवळ असताना विशेष शिक्षक पूर्ण वर्गाचं वाचन घेईल. त्यालाही पूर्ण वर्ग सांभाळता आला पाहिजे. ते त्याच्या प्रशिक्षणात नसतं, हेही कर्णयंत्र यांच्या यादीत जोडा.

सहाचा आकडा मी सोडतो. पण दोनशिक्षकी, 'कोर्स सुधारा' हे आपण २०१९ मध्ये 'निष्ठा' हा केंद्र सरकारचा शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाल्यापासून ऐकतोय. कोर्स सुधारत नाही, कारण मोजलं जातं ते किती जणांनी पूर्ण केला एवढंच. जोवर प्रमाणपत्र हाच पुरावा आहे, तोवर रात्री अकराला व्हिडिओ चालू ठेवून लोक झोपणार.

दोनशिक्षकी

मग पुरावा बदला, कोर्स नको कशाला म्हणता? रफार यांची श्रुतलेखनाची दहा पानं पुरावा म्हणून चालतील: एक संच जूनअखेर, एक नोव्हेंबरात, तेच २० शब्द. केंद्रप्रमुखाने ढीग मोजून सही करायची. पन्नासपैकी दहा तास त्याचे धरा.

फक्त त्या पानांचे फोटो ॲपवर चढवायला सांगू नका, आणि मुलाचा व्हिडिओ तर मुळीच नको. मुलाचं नाव आणि त्याची अक्षमता गटाच्या व्हॉट्सॲपवर फिरायला एक दिवस पुरतो.

कर्णयंत्र

तेच शब्द नोव्हेंबरात नकोत. जूननंतर शिक्षक नेमके तेच वीस घोकून घेतील. समान अडचणीचे दुसरे वीस काढा. रफार, तुमच्याकडे जोडाक्षरांच्या दोन समान याद्या आहेत का?

रफार

एक देते. पहिली: पुस्तक, रस्ता, सूर्य, चक्र, पक्का. दुसरी: मस्तक, नाश्ता, कार्य, वज्र, कच्चा. रफार, र-कार आणि दुहेरी व्यंजन दोन्हींत एकेक ठेवलंय. 'ज्ञ' आणि 'क्ष' मुद्दाम टाळले, ते मुलं वेगळी अक्षरं म्हणूनच शिकतात. 'नाश्ता' कुणाला अवघड वाटत असेल तर 'सुस्त' घ्या, पण मग उकाराची चूक वेगळी मोजा.