घाटात रात्री गाडी बंद पडली तर आत बसून राहायचं की उतरायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. प्रश्न आधी विचारते, हकीकत नंतर सांगते, कारण येत्या शनिवारी मला पुन्हा त्याच रस्त्याने जायचं आहे. रात्रीच्या वेळी हायवेवर किंवा घाटात गाडी बंद पडली आणि सोबत म्हातारं माणूस आणि लहान मूल असेल, तर गाडीतच थांबावं की खाली उतरावं? उतरायचं तर नेमकं कुठे उभं राहायचं?

आई कराडला असते. तिच्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन द्यावं लागतं, ते पुण्यात. आणायचं-सोडायचं काम माझ्याकडे आहे. मागच्या खेपेला तिला सोडायला निघालो तेव्हा दवाखान्यातच उशीर झाला. शिरवळ सोडलं तेव्हा साडेसात वाजून गेले होते. खंबाटकीचा घाट ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, पुण्याकडून जाताना जुन्या रस्त्याने तो चढावा लागतो, जुना बोगदा येतानाच्या वाटेवर आहे. माझ्यापुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर होता, मी दुसऱ्या गिअरवर, एसी चालू. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा वर सरकतोय हे मला दिसत होतं. वरपर्यंत जाईल असं वाटलं. एका वळणाच्या जरा पुढे बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली आणि गाडीने दम सोडला.

डावीकडे डोंगर कापलेला, त्याच्या पायथ्याशी पाण्याचा चर. गाडी जेमतेम अर्धी रस्त्याबाहेर घेता आली. हॅझर्ड (चारही इंडिकेटर) लावले, काचा वर केल्या, दारं लॉक केली. लहानपणापासून वडिलांकडून हेच ऐकलंय ना, की रात्री अनोळखी ठिकाणी गाडीतून उतरायचं नाही. विम्याबरोबर रस्त्यावरच्या मदतीचा जो नंबर मिळतो त्यावर फोन लावला. पलीकडचा माणूस पिनकोड विचारत होता. घाटाचा पिनकोड मी कुठून सांगणार?

अशी आम्ही वीस-पंचवीस मिनिटं गाडीत बसून काढली. वळणावरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा उजेड आधी मागच्या काचेवर पडायचा, मग आत आईच्या चेहऱ्यावर, आणि मग ती गाडी शेजारून जाताना आमची गाडी हलायची. मुलगी सात वर्षांची आहे, आजीसोबत मागच्या सीटवर होती. दर वेळी ती आजीचा हात घट्ट धरायची. एका टेम्पोने इतक्या उशिरा ब्रेक मारला की टायरचा वास आत आला.

शेवटी एका ट्रकवाल्या दादांनी पुढे जाऊन ट्रक थांबवला आणि टॉर्च घेऊन चालत आले. मी काच खाली करत नव्हते. ते लांब उभे राहून मोठ्याने म्हणाले, "ताई, गाडीचं राहू द्या, आधी या दोघींना खाली घ्या. मागून येणाऱ्याला तुम्ही थांबलाय हेच कळत नाही." त्यांनी झाडाची एक फांदी मोडून मागे वळणापाशी ठेवली, चाकाला दगड लावला आणि गाडी थंड होऊन वर निघेपर्यंत टॉर्च दाखवत उभे राहिले. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

आता डोक्यात तेच चालू आहे. वडिलांनी शिकवलं ते बरोबर, की त्या दादांनी सांगितलं ते? उतरताना आणखी एक अडचण झाली. आई गाडीत बसली की चपला काढून ठेवते. अंधारात त्या सापडेनात, डोळ्याला अंधुक दिसत होतं, ती अनवाणीच चरातल्या खडीवर उतरली.

कृपया सविस्तर सांगा. गाडीत काय ठेवू, कुणाला फोन करू, सगळंच.

– कराडची_लेक

लांबपल्ला:

ताई, पंचवीस वर्षं याच रस्त्याला गाडी चालवतोय. पुणे-कोल्हापूर, पुढे बेळगाव. त्या ड्रायव्हरने सांगितलं ते शंभर टक्के बरोबर.

हिशोब बघा. ताशी ८० च्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. चालवणाऱ्याच्या डोक्यात 'अरे, ही थांबलेली आहे' हे शिरायलाच सेकंद-दीड सेकंद जातो, मग ब्रेक. कोरड्या रस्त्यावरसुद्धा थांबेपर्यंत ७० मीटर तरी जातात. लोडेड ट्रकला त्याहून जास्त. आणि घाटात वळण ओलांडल्याशिवाय तुम्ही दिसतच नाही. बंद गाडीला मागून ठोकर बसते तेव्हा मागच्या सीटवरच्या माणसाला वाचायला जागा नसते. तुमच्या मागच्या सीटवर कोण होतं, ते तुम्हीच लिहिलंय.

म्हणून आधी माणसं, मग गाडी. उतरायचं डाव्या दाराने, चालवणाऱ्यानेसुद्धा. गिअरवरून पाय टाकून डावीकडे सरका, अवघडल्यासारखं होईल, पण उजवं दार उघडू नका. उतरल्यावर गाडीच्या पुढे उभं राहायचं नाही, हे फार जण चुकतात. गाडीला धक्का बसला की ती पुढेच जाणार. वाहनं ज्या बाजूने येतात त्या बाजूला, म्हणजे तुमच्या गाडीच्या मागच्या अंगाला बरंच अंतर सोडून, आणि रस्त्यापासून जितकं आत जाता येईल तितकं आत. लोखंडी कठडा असेल तर कठड्याच्या पलीकडे, मात्र पलीकडे दरी नाही याची टॉर्चने खात्री करून. तुमच्या जागी चराच्या पलीकडे, डोंगराला लागून. दोन गाड्यांच्या मध्ये तर कधीच नाही.

आणि त्रिकोण! गाडीसोबत लाल त्रिकोण मिळतो, तो डिकीत स्टेपनीजवळ प्लास्टिकच्या डबीत असतो. तो गाडीच्या ५० मीटर मागे ठेवायचा, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण सत्तर पावलं. वळण असेल तर वळणाच्याही मागे, म्हणजे येणाऱ्याला वळायच्या आधी दिसेल असा, नाहीतर उपयोग नाही. ठेवायला जाताना उघडलेला त्रिकोण छातीपुढे धरून, वाहनांकडे तोंड करून, अगदी कडेने चालत जा. ट्रकच्या वाऱ्याने तो आडवा होतो, पायावर दगड ठेवा.

फांदी ठेवली ते चांगलं केलं, अडाणीतला अडाणी ड्रायव्हरही ती खूण ओळखतो. पण निघताना दगड आणि फांदी उचलल्या का? लोक चाकाचे दगड तिथेच टाकून जातात आणि मागून येणारा दुचाकीवाला त्यावर जाऊन पडतो. असा पडलेला पोरगा मी स्वतः उचललाय. हात जोडून सांगतो, निघताना दगड बाजूला करा.

रात्रपाळी:

मी नर्स आहे, रात्री-बेरात्री एकटी गाडी चालवते. तुमच्या वडिलांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गल्लीत किंवा आडरस्त्याला गाडी थांबली तर मीही लॉक करूनच बसते. पण हायवेच्या कडेला भीती वेगळी आहे आणि ती मागून येते.

दोन्ही भीती एकदम सांभाळायच्या तर फोन आधी करायचे. ११२ हा देशभराचा आपत्कालीन नंबर, पोलीस हवे असोत की दुसरी मदत, एकच. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, हा चोवीस तास चालतो. तिथून गस्तीची गाडी, क्रेन, रुग्णवाहिका पाठवतात. कुणी जखमी असेल तर १०८. तुमचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४८, एवढं आणि कुठून कुठे निघालात ते सांगितलं तरी पुरतं. कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितलात तर उत्तमच. म्हणून मी चालवताना मधूनमधून दगड वाचते, मागे गेलेला शेवटचा आकडा तोंडात ठेवते. घाटात नेटवर्क जातं-येतं, तेव्हा बोलणं होत नसेल तर घरच्यांना लोकेशनचा मेसेज टाकून ठेवा, रेंज आली की जातो.

कुणी मदतीला आलं तर आधी त्याच्या देखत मोठ्याने फोनवर बोलायचं: "हो, पोलिसांना कळवलंय, निघालेत." नंबर प्लेटचा फोटो काढून घरी पाठवायचा. भला माणूस याने रागावत नाही. त्याला सांगायचं, दादा, जरा मागे उभं राहून गाड्यांना हात दाखवता का? म्हणजे मदतही होते आणि अंतरही राहतं.

एक अपवाद. पुलावर किंवा बोगद्यात, जिथे उतरून उभं राहायला हातभर जागा नाही आणि गाड्या अंगावरून जातायत, तिथे उतरणं जास्त धोक्याचं. तिथे पट्टे लावून, हॅझर्ड आणि मागचे लाल दिवे चालू ठेवून आतच बसा आणि ताबडतोब ११२ ला फोन करा.

पाना_पक्कड:

माझं गॅरेज आहे. सगळे बंद पडल्यानंतरचं सांगतायत, मी पंधरा मिनिटं आधीचं सांगतो. काटा वर सरकताना दिसला तिथेच काम होतं. एसी बंद. हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल. उकडेल, पण इंजिनची उष्णता आत ओढली जाते आणि वेळ मिळतो. त्या वेळात वळण संपवून रुंद जागा गाठायची. लोक वर पोचू म्हणून रेटतात आणि हेड गॅस्केट (इंजिनमधलं सील) उडतं. तेवढ्यावर भागलं तर नशीब, नाहीतर इंजिन सीझ, म्हणजे जाम.

वाफ आली की इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, कोणी कितीही अनुभवी माणूस म्हणाला तरी. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर येतं. माझ्याकडच्या पोराचा हात भाजलाय, अजून डाग आहेत. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, मग कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) बघा.

चढावर थांबलात तर हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकाला दगड.

आणि ताई, शनिवारी निघायच्या आधी गाडी दाखवलीत का? थंड झाल्यावर चालली म्हणजे बरी झाली असं नाही. होज पाईप, त्याच्या क्लिपा, फॅन फिरतो का, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, एवढं बघून घ्या. न बघता त्या घाटात आईला घेऊन जाऊ नका.

ऱ्हाइनकाठ:

जर्मनीत राहतो. इथे प्रत्येक गाडीत चमकणारं जॅकेट ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे आणि लोक ते डिकीत नाही, दाराच्या कप्प्यात ठेवतात, म्हणजे उतरायच्या आधीच अंगात. आपल्याकडे रस्त्याचं काम करणारे घालतात तेच जॅकेट, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं. तीन घ्या, मुलीच्या मापाचं एक.

कराडची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी ताई, भीती मागून येते हे वाचून त्या पंचवीस मिनिटांचा अर्थ आत्ता लागला.

लांबपल्ला दादा, फांदी त्या ट्रकवाल्या दादांनी उचलली होती. दगडाचं मला आठवत नाही आणि ते मनाला लागून राहिलंय.

गाडी काल दाखवली. खालच्या होज पाईपची क्लिप सैल होती, पाईपला बारीक चीर. दोन्ही बदललं. संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्रिकोण पहिल्यांदाच डबीतून काढला. चार वर्षं गाडी आहे. पाय कसे उघडायचे आणि वरची दोन टोकं एकमेकांत कशी अडकवायची हे कळायला उजेडातही पाच मिनिटं लागली, अंधारात हात थरथरताना जमलंच नसतं. मग दहा वेळा केलं. मुलीने सत्तर पावलं मोजली आणि तिथे उभी राहून म्हणाली, इतकं लांब? तिथून आमची गाडी खरंच छोटी दिसत होती.

त्रिकोण आता डिकीच्या तळाशी नाही, पुढच्या सीटखाली आहे. जॅकेटं आणि टॉर्च दाराच्या कप्प्यात. पुढची वेळ सकाळची मागून घेतली, म्हणजे परतीचा घाट उजेडी होईल. डाव्या दाराने उतरायचं, चराच्या पलीकडे जायचं, हे मुलीला तोंडपाठ झालंय.

आईला हे सगळं फोनवर समजावत होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे चपला पायातच ठेवायच्या ना?"