मदत हवी आहे: रत्नागिरी शहर स्वतःच्या लहान गाडीतून, दृष्टी अधू झालेल्या वडिलांसह

नमस्कार.

डिसेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन कोल्हापूरहून रत्नागिरीला जाण्याचे ठरवले आहे. आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा हा सुमारे १३० किलोमीटरचा रस्ता माझ्या सवयीचा आहे, त्यामुळे प्रवासाबद्दल विचारायचे नाही. विचारायचे आहे ते शहरात पोहोचल्यानंतरच्या दोन दिवसांबद्दल. मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी आणि पंचमी असे दोन पूर्ण दिवस आम्ही तेथे असू. विनायकी चतुर्थीला भाट्याच्या झरी विनायकाचे दर्शन घ्यावे, ही आईची एकच इच्छा आहे. उरलेला सगळा वेळ बाबांचा.

बाबा निवृत्त शिक्षक आहेत. तेहतीस वर्षे त्यांनी शाळेत इतिहास शिकवला. काचबिंदूमुळे आता त्यांना फक्त समोरचे, तेही नळीतून पाहावे तसे दिसते. बाजूचे आणि पायाखालचे दिसत नाही. भर उजेडात ते धीराने चालतात, पण तिन्हीसांजेला पायरीचा अंदाज पूर्ण चुकतो. नजर आहे तोवर थिबा राजवाडा पुन्हा एकदा नीट पाहायचा आहे, असे त्यांनी गणपतीत माझ्याजवळ बोलून दाखवले आणि तेव्हापासून माझ्या मनाने हे घेतले आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका सहल कंपनीच्या बसने रत्नागिरी पाहिली होती. राजवाड्यासाठी वीस मिनिटे दिली होती. माहिती सांगणारे गृहस्थ पुढे चालत बोलत होते आणि बाबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर कठड्याला हात लावून उभे होते. ते तसे का थांबले आहेत, हे विचारायला कोणालाही सवड नव्हती. म्हणून या वेळी बस नको, वाटाड्याही नको. माझी लहान गाडी, आमचा वेग, आणि माहिती सांगायला मी स्वतः, असे ठरवले आहे.

त्यासाठी मी एक तयारी केली आहे. बाबांच्या पाठाच्या टिपणवह्या अजून घरात आहेत. त्यांतल्या एका वहीत निळ्या शाईने उभी रेघ मारून पानाचे दोन भाग केले आहेत. डावीकडे ‘थिबा’, उजवीकडे ‘टिळक’. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो १९१० च्या सुमारास राहायला गेला आणि १९१६ मध्ये येथेच वारला. दुसरीकडे, २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात होते, म्हणजे थिबाच्याच राजधानीत. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत, एकाच काळात, एकाच सत्तेचे बंदिवान. बाबा हा धडा शिकवताना फळ्यावर बंगालच्या उपसागरावरून जाणारे दोन उलटसुलट बाण काढत असत. त्या पानाच्या तळाशी पुढे कधीतरी पेन्सिलीने त्यांनी तिसरे नाव लिहिले आहे: ‘सावरकर, १९२४ ते १९३७, स्थानबद्ध’.

या टिपणांवरून मी माझ्या आवाजात दहा लहान ध्वनिफिती फोनवर करून ठेवल्या आहेत, प्रत्येकी चार-पाच मिनिटांच्या. ठिकाण जवळ आले की गाडी कडेला थांबवायची, काचा वर करायच्या, फीत ऐकायची आणि मगच उतरायचे. बाबांना यातले काहीही सांगितलेले नाही.

आता मला अडलेल्या गोष्टी सांगते.

पहिली अडचण क्रमाची आहे. कथेच्या क्रमाने जायचे तर टिळक आळीतले जन्मस्थान, मग राजवाडा, थिबाची समाधी आणि शेवटी पतित पावन मंदिर, असे जावे लागेल. नकाशावर मात्र जन्मस्थान आणि पतित पावन मंदिर जुन्या शहरात एकमेकांच्या जवळ दिसतात आणि राजवाडा वर टेकाडावर. कथेसाठी दोनदा चढउतार करणे योग्य होईल का, की जवळची ठिकाणे एकत्र उरकावीत? ‘उरकणे’ हाच शब्द मला या प्रवासात नको आहे, म्हणून विचारते.

दुसरी अडचण टिळक आळीची. तेथपर्यंत लहान गाडी सुखाने जाते का आणि दाराशी दोन वृद्ध माणसांना उतरवण्यापुरती थांबता येते का? गाडी अरुंद आळीत नेण्याचे मला भय नाही, परंतु मागे वाहने खोळंबली की बाबा घाई करतात आणि घाईत पडतात.

तिसरी अडचण रत्नदुर्गाची. घोड्याच्या नालेसारखा तो किल्ला, तिन्ही बाजूंचा समुद्र आणि भगवती देवीचे मंदिर बाबांना चांगले आठवते. पायऱ्या त्यांना झेपतील असे वाटत नाही. खालून किंवा गाडीत बसून किल्ल्याची जाणीव होईल अशी जागा आहे का?

चौथी गोष्ट सूर्यास्ताची. थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि समुद्र यांवरचा सूर्यास्त त्यांना दाखवावा असे फार वाटते, पण त्यानंतरचा अंधार हाच त्यांचा शत्रू आहे.

शेवटची विनंती अशी की, जेथे पाहण्यापेक्षा ऐकायला, हाताला किंवा नाकाला अधिक मिळते, अशा शहरातल्या जागा कृपया सुचवाव्यात. गणपतीपुळे, आरे-वारे, पावस ही ठिकाणे सुंदर आहेत, हे ठाऊक आहे. या खेपेस शहराबाहेर जायचे नाही.

प्रतिसाद १

ताई, माझे सारे आयुष्य रत्नागिरीत गेले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम वार पाहा. राजवाड्यात शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे आणि ते सोमवारी बंद असते. तुमच्या दोन दिवसांत सोमवार येत असेल तर राजवाडा दुसऱ्या दिवशी घ्या.

क्रम कथेचाच ठेवा, मात्र एक बदल करा. पहिल्या दिवशी टिळक आळी आणि पतित पावन मंदिर, दुसऱ्या दिवशी राजवाडा आणि समाधी. राजा शेवटी आला म्हणून कथा बिघडत नाही. पतित पावन मंदिर १९३१ चे. सावरकरांची प्रेरणा आणि भागोजीशेठ कीर यांचा पैसा यांतून ते सर्व जातींसाठी खुले म्हणूनच उभे राहिले. बंदिवान माणसाने गावाला काय दिले, हे तेथे सांगता येते. मग दुसऱ्या दिवशी राजवाड्यात शिरताना तुमच्या बाबांना निराळा प्रश्न पडेल: या राजाला येथे काय करता आले? त्याची थोरली राजकन्या येथील माणसाची झाली, तिची मुलगी टुटू याच गावात मराठी बोलत म्हातारी झाली. आमच्या आधीच्या पिढीने तिला पाहिलेले आहे. हे तुमच्या ध्वनिफितीत नसेल तर अवश्य घाला.

टिळक आळीत तुमची गाडी जाईल. सकाळी लवकर जा, दाराशी दोघांना उतरवून गाडी पुढे मोकळ्या जागी लावा आणि चालत परत या. घर कौलारू, आपल्या कोकणी घरासारखे. त्याच्या आत शिरताना बाबांना आधी दाराशी थोडे थांबवा. सावरकर ज्या कारागृहात होते ते आजही चालू कारागृह आहे, त्यामुळे आत जाणे सर्वस्वी तेथील अधिकाऱ्यांच्या परवानगीवर आहे. रस्त्यावरून भिंत दिसते, तेवढ्यावर समाधान मानण्याची तयारी ठेवा.

हाताला लावायचे विचारलेत म्हणून सांगतो. राजवाड्यात वस्तूंना हात लावता येणार नाही. परंतु आमच्या कोणत्याही आळीतला गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, हा जांभ्याच्या चिऱ्यांचाच असतो. एका गडग्यावर बाबांचा तळवा ठेवा. खडबडीत, भोकाभोकांचा, दुपारनंतर ऊन धरून राहिलेला दगड आहे. मग राजवाडा त्याच दगडाचा आहे असे सांगा. आत गेल्यावर अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांसमोर त्यांना थोडे अंतर ठेवून उभे करा. नळीतून पाहणाऱ्याला जवळून तुकडाच दिसतो, लांबून आकार दिसेल.

समुद्राचे सांगतो. आमच्याकडे भरतीसाठी साधा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पंचमीला पावणेचार. थोडे मागेपुढे होते. त्याच्या सहा तास अलीकडे ओहोटी. म्हणून चतुर्थीला सकाळी झरी विनायकाचे दर्शन घेऊन नऊच्या सुमारास भाट्याच्या किनाऱ्यावर उतरा. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर बाबा तुमच्या खांद्यावर हात ठेवून सरळ चालू शकतील. सुरूबनाजवळची कोरडी वाळू भुसभुशीत, तेवढी पंधरा-वीस पावले दोघांनी धरून न्या. गाडी मात्र एक चाकही वाळूत घालू नका. वाळूत रुतलेली गाडी आणि चढते पाणी हा प्रसंग आम्ही फार वेळा पाहिला आहे.

पंचमीला दुपारी चारला मांडवीच्या धक्क्यावर जा. भरतीचे पाणी दगडांवर आपटताना बाबांना वाळूत पाऊल न टाकता समुद्र ऐकता येईल. तेथूनच रत्नदुर्गाची दिशा दाखवा. मिरकरवाड्याच्या बाजूने गाडी नेलीत तर सुक्या मासळीचा वास आणि बंदरातला गलबला काचा खाली केल्या की आपोआप येतो. किल्ल्यावर बाबांना नेऊ नका. गाडी पायथ्याशी जाते, पुढे पायऱ्या आहेत. आईंना चढवत असेल तर त्यांनी भगवतीचे दर्शन घेऊन यावे आणि तुम्ही बाबांजवळ थांबावे.

प्रतिसाद २

वरील उत्तर उत्तम आहे, म्हणून केवळ सूर्यास्ताविषयी लिहिते. माझ्या सासऱ्यांनाही काचबिंदू होता. उजेडातून अंधारात आल्यावर त्यांच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला फार वेळ लागे आणि पायरीची कड रंगाने वेगळी नसेल तर ती त्यांच्यासाठी नसतेच. डिसेंबरात सूर्य सहानंतर लगेच बुडतो. थिबा पॉइंटला साडेपाचपूर्वी पोहोचा आणि बिंब पाण्याला टेकायच्या आधीच उठा. उरलेला सूर्यास्त गाडीतल्या पुढच्या आसनावर बसून पाहता येईल अशा रीतीने गाडी आधीच तोंड वळवून लावून ठेवा. सोबत लहान विजेरी घ्या आणि उजेड त्यांच्या तोंडावर न पाडता पावलांपुढे पाडा. ‘इथे पायरी आहे’ असे मोघम सांगण्याऐवजी ‘एक खाली’, ‘दोन वर’ असे आकड्यात सांगितले की त्यांचा गोंधळ होत नसे. आणखी एक, दुपारी जेवणानंतर दोन तास विश्रांती ठेवाच. दमलेला माणूस पायऱ्या मोजत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तिथी पाहून भरतीच्या वेळा लिहून काढल्या. वार पाहिले, आमच्या दोन दिवसांत सोमवार नाही.

क्रम आता पक्का केला आहे. चतुर्थीला झरी विनायक आणि भाट्याची ओली वाळू, विश्रांतीनंतर टिळक आळी आणि पतित पावन. टिळक आळीत सकाळी लवकर जावे ही सूचना मला पाळता येत नाही, कारण ओहोटी सकाळचीच आहे. म्हणून गाडी मुख्य रस्त्यालाच ठेवून आम्ही आळीतून सावकाश चालत जाऊ आणि वाटेतल्या एखाद्या गडग्याला हात लावू. पंचमीला राजवाडा उघडताच तेथे, मग समाधी, जेवण, विश्रांती, चारला मांडवीचा धक्का आणि तेथून थिबा पॉइंट. मिरकरवाडा काचा खाली करून गाडीतूनच. रत्नदुर्ग सोडला. आईला विचारले, तर तीही म्हणाली की देवीला खालूनच नमस्कार करीन.

टुटूची गोष्ट माझ्या टिपणांत नव्हती. काल रात्री अकरावी फीत केली. करताना शंका आली की ही गोष्ट बाबांना ठाऊक असणारच, म्हणून सहज विषय काढल्यासारखे करून विचारले. ते म्हणाले, “ती मुलांना सांगायचो, वहीत लिहायची गरज कधी पडली नाही.” आणि मग पाऊण तास सांगत राहिले. तेव्हा ती फीत मी पुसून टाकली आहे. राजवाड्याच्या दाराशी गाडी थांबवून काचा वर केल्या की त्या जागी त्यांनाच बोलायला सांगणार आहे.

आता एकच विचारायचे राहिले. थिबाच्या समाधीपाशी गाडी किती जवळ नेता येते आणि तेथून चालताना जमीन सपाट आहे की उंचसखल? अलीकडे जाऊन आलेल्या कोणी सांगितल्यास त्याप्रमाणे बाबांसाठी काठी घ्यायची की दोघींनी दोन बाजूंनी धरायचे, ते ठरवीन.