येऊरच्या जंगलातला कचरा आपण उचलत राहायचं का?

डोंगरवाट
पावसाळा सरला की ठाण्यात येऊरच्या सफाई मोहिमांची बोलावणी सुरू होतात. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच ठाण्याकडचा भाग. मी बरीच वर्षं पोती घेऊन जाते आहे आणि आता माझं स्पष्ट मत आहे की हे बंद करावं. ओढ्याकाठी बसून प्यायचं, बाटल्या दगडावर फोडायच्या आणि रविवारी दुसऱ्याने काचा वेचायच्या, ही सोय आपणच लावून दिली आहे. पायथ्याशी वनखात्याचा नाका आहे. तिथे डिक्की तपासा, दंड करा. आपला वेळ त्या पाठपुराव्यात जाऊ दे.

पाणवठा
ताई, अजिबात पटलं नाही. निवेदनाला उत्तर येईपर्यंत चितळ थांबणार आहेत का? खाऱ्या पदार्थाचा वास लागलेली पिशवी ती चघळतात. ती पोटात अडकली की जनावर चारा सोडतं आणि खंगून मरतं. पाड्यावरची पोरं त्याच ओढ्यात अनवाणी उतरतात. दोष कुणाचा हे ठरवत बसायचं आणि काच तिथेच ठेवायची, हे मला जमणार नाही.

पाड्यावरचा
मी येऊरमध्येच राहतो. पोती भरली जातात, पण रस्त्याकडेला ठेवून मंडळी खाली उतरतात. न्यायला गाडी आली नाही तर दिवसा माकडं आणि रात्री कुत्री ती फाडतात. खरकट्यावर कुत्री जमली की त्यांच्या मागावर बिबट्या घरांपर्यंत येतो. मग बातमी होते बिबट्याची! उचलायचं तर त्याच दिवशी खाली न्या. आणि पालापाचोळ्याला हात लावू नका. तो कचरा नाही, त्यावरच इथली माती पोसली जाते.

डोंगरवाट
दादा, म्हणजे नीट न झालेली मोहीम जंगलाला उलट त्रासच देते. मी तेच म्हणते आहे.

घाटमाथा
रिकाम्या बाटलीला किंमत आली की ती फेकली जात नाही. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सरकारी दारूदुकानात बाटलीमागे १० रुपये जादा घेतात आणि रिकामी आणून दिली की परत करतात. हत्तींच्या पायात काचा जातात म्हणून हे झालं. आपल्याकडे २०१८ च्या प्लास्टिकबंदीतही पाण्याच्या बाटल्या पैसे देऊन परत घ्यायची तरतूद होती. कुठल्या दुकानदाराने तुम्हाला तो रुपया परत दिलाय?

पाणवठा
अनामत हवीच. पण वेफर्सच्या चकचकीत पाकिटांचं काय? ती भंगारवालाही घेत नाही. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनुसार ती परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून उचलताना वहीत लिहू या: कुठल्या ओढ्यावर किती बाटल्या, कुठल्या कंपनीची किती पाकिटं. ताई, तुमच्या निवेदनाला हा पुरावा जोडला तर खात्याला नुसतं ‘बघतो’ म्हणून सुटता येणार नाही.

डोंगरवाट
वहीची कल्पना मान्य, त्या कामाला मी येईन. पण ३१ डिसेंबरला नाक्यावर कडक तपासणी व्हावी ही मागणी आधी द्यायची. ती झाली नाही तर जानेवारीत मी पोतं उचलणार नाही.

पाणवठा
मागणीवर सही करतो. जानेवारीत मात्र मी जाणारच.