सल्ला हवा: मे महिन्यात पीसी थंड कसा ठेवावा? साइड पॅनेल काढून टाकू का?

वऱ्हाडी_पीसी
रायझन ५ ५६०० प्रोसेसर, सोबत मिळालेला छोटा कूलर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, समोर बंद काच असलेलं कॅबिनेट आणि मागे १२० मिमीचा एकच फॅन. अकोल्यात दुपारी खोलीतच ३८-३९ अंश असतात. गेम लावला की प्रोसेसर ९० ला टेकतो आणि क्लॉक (वेग) पडतो, कार्ड ८३ वर. एसी नाही, डेझर्ट कूलर आहे. पॅनेल काढून ठेवू, की कॅबिनेटच काढून बोर्ड टेबलावर मांडू? बजेट तीन हजार.

उष्मावाहक
५६०० ची मर्यादाच ९० अंश आहे. तो जळत नाहीये, स्वतःला वाचवायला वेग कमी करतोय. त्यामुळे घाई नको, आधी चाचणी घ्या. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून तोच गेम २० मिनिटं पॅनेल लावून आणि २० मिनिटं काढून चालवा. दोन्ही वेळा खोलीचं तापमान टिपा आणि त्यापेक्षा किती अंश जास्त, एवढंच बघा. नुसत्या आकड्यांची तुलना केली तर सकाळ-दुपारच्या फरकानेच फसाल.

पॅनेल काढल्यावर दोन्ही तापमानं ७-८ अंशांनी उतरली तर हवा अडतेय. कार्ड उतरलं पण प्रोसेसर जागचा हलला नाही तर कूलर अपुरा आहे, नाहीतर प्रोसेसर आणि कूलरच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलीय. तुमच्याकडे बहुधा दोन्ही निघेल. ३०६० साधारण १७० वॉट उष्णता डब्यात सोडतं आणि तीच गरम हवा तो छोटा कूलर ओढतो.

हवेसाठी समोर दोन १२० मिमी फॅन आत फेकणारे, मागचा बाहेर फेकणारा. ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या दांड्या असतात तिकडे हवा जाते. बरेच जण इथेच उलटं लावतात. काचेच्या कडेला बोटभरही फट नसेल तर फॅन नुसतेच फिरतील. मग काच उतरवून तिथे जाळी लावा.

कोकणी_सर्किट
उघड्यावर मांडायच्या मी विरोधात आहे. तापमान उतरतं, खोटं नाही. पण धूळ फिल्टरशिवाय थेट कूलरच्या पातळ पट्ट्यांमध्ये (फिन्स) बसते, आणि पाल एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज देणारा डबा) शिरली की विषय संपला. किनाऱ्यावर तर खारी हवा कनेक्टरही खाते. शिवाय जड कार्ड आधाराविना स्लॉटवर लोंबतं. चाचणीपुरता बोर्ड बाहेर काढलाच तर त्याच्या खोक्यावर ठेवा, चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर नको. काही पिशव्यांची बाहेरची बाजू वीजवाहक असते.

वऱ्हाडी_पीसी
आणि डेझर्ट कूलरचा झोत थेट पीसीवर सोडला तर?

उष्मावाहक
थेट नको. बारीक थेंब उडतात आणि आपल्याकडच्या जड पाण्याचा पांढरा क्षार बोर्डवर साचतो. पण खोली जरूर थंड करा. खोली ६ अंशांनी उतरली की आतलं सगळं जवळपास तेवढंच उतरतं. बाष्प धरेल ही भीती नको, चालू पीसीचे भाग खोलीपेक्षा गरमच असतात. पावसाळ्यात मात्र डेझर्ट कूलरचा उपयोग नाही.

पेस्टवाला
उरलेल्या बजेटमध्ये चार हीटपाइपचा (उष्णता वर नेणाऱ्या नळ्या), १२० मिमी फॅनचा टॉवर कूलर बघा. त्याची उंची साधारण १५५ मिमी भरते. कॅबिनेट किती उंची घेतं ते आधी तपासा.

जुना कूलर थंड असताना उपटू नका. एएम४ मध्ये (तुमच्या प्रोसेसरचा सॉकेट) पिना प्रोसेसरलाच असतात, वाळलेल्या पेस्टसकट प्रोसेसर सॉकेटमधून बाहेर येतो आणि पिना वाकतात. १० मिनिटं लोड देऊन पीसी बंद करा, वायर काढा, स्क्रू सोडवा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवून मगच उचला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसा. पेस्ट मध्ये वाटाण्याएवढी. नव्या कूलरचे स्क्रू तिरक्या समोरासमोरच्या जोडीने, आळीपाळीने दोन-दोन फेरे आवळा. एकच बाजू आधी आवळली तर दुसऱ्या कडेला पेस्ट जाड राहते.

वॉटमोजणी
फुकटातलं राहिलंच. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डचं सेटिंग बदलणारं सॉफ्टवेअर) पॉवर लिमिट ८५ टक्के करा, कार्ड १४५ वॉटच्या आसपास येईल आणि एफपीएसमधला (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) फरक सहसा जाणवत नाही. बायोसमध्ये (बोर्डची सेटिंग) कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करायची सोय, सगळ्या कोअरना उणे १५ पासून सुरू करा. पीसी निष्क्रिय असताना अचानक रीस्टार्ट झाला तर उणे १० वर या. मे महिन्यात हे आधी, खरेदी नंतर.

कोकणी_सर्किट
आणि पीसी कॉम्प्युटर टेबलाच्या त्या बंद कप्प्यात असेल तर आधी बाहेर काढा! तिथे मागून निघालेली गरम हवा वळसा घेऊन पुन्हा समोरून आत जाते. मागे भिंतीपासून वीतभर जागा हवी. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरा, मोकळी सुसाट फिरली तर बेअरिंग जातं.

वऱ्हाडी_पीसी
कप्प्यातच आहे! आज रात्री बाहेर काढून दोन्ही चाचण्या घेतो, आकडे इथेच टाकतो.