स्लो कुकर मेला पण आतलं भांडं ठणठणीत, तुम्ही त्याचं काय केलंत?

काल गराज आवरताना जुना क्रॉकपॉट निघाला, म्हणजे त्या ब्रँडचा स्लो कुकर, विजेवर तासन्‌तास मंद शिजवणारा. बाहेरचा हीटरवाला भाग कधीच गेलाय, आतलं चिनी मातीचं भांडं मात्र जसंच्या तसं. टाकायलाच उचललं होतं आणि त्या वजनानेच हात थांबला, आजीच्या फडताळातली खड्या मिठाची बरणी अशीच जड होती, आम्हाला हात लावू द्यायची नाही. मग टाकवेना. धुवून त्यात दही लावलं. न्यूजर्सीच्या थंडीत दही लागणं म्हणजे नवसच, पण ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवलं आणि सकाळी सुरीने कापावं असं दही! जाड माती ऊब धरून ठेवते. तुमच्याकडची कुठे आहेत? लिहा.

---

माझ्याकडे ३ आहेत. एकात कांदे, एकात झारे उलथणी लाटणं उभं करून, तिसऱ्यात काय आहे ते बघायला हवं

---

इडलीचं पीठ!! स्टीलच्या पातेल्यातून उतू जायचं आणि मी ओव्हन खरवडत बसायचे, हे ६ क्वार्टचं म्हणजे साडेपाच लिटरच्या वर, फुगू दे किती फुगायचं ते. फक्त नंतर फ्रीजमध्ये मावत नाही, मग परत पातेल्यातच काढा, म्हणजे घासायला दोन

---

तुळस लावली होती. खाली भोक नाही हे डोक्यातच आलं नाही, मुळं कुजली बिचारीची. मग ड्रिलचं डायमंड बिट आणून नवऱ्याने भोक पाडलं, पाणी सोडत सोडत, जोर न लावता हळूहळू. हे दुसऱ्या भांड्याचं सांगतेय, पहिलं उकललं कारण साहेबांनी ड्रिल हॅमर मोडवर, म्हणजे भिंतीला ठोके मारतं तसं, ठेवलेलं. आता मोगरा आहे त्यात, थंडीत घरात घेते, उचलताना कंबर मोडते

---

हॅमर मोड हाहाहा. आमच्याकडेही असंच एक रत्न आहे

---

फ्रीजमधलं गार भांडं डायरेक्ट गरम ओव्हनमध्ये सरकवलं, टक् असा आवाज आणि अख्खी दाल मखनी ओव्हनच्या तळाला, पाहुणे हॉलमध्ये. शेवटी पिझ्झा. गॅसवर तर ठेवूच नका. ओव्हनमध्ये क्रॉकपॉटचं ४०० फॅरनहाइटपर्यंत चालतं, बाकीच्यांचं पुस्तिकेत बघा

---

अरेरे :( दाल मखनीसाठी दोन मिनिटं शांतता

---

लिंबाचं लोणचं मुरवलं तर चालेल का कोणी केलंय का

---

^ ग्लेझला, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाला, बारीक तडे असतील तर आंबट नकोच. जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, आंबटाने ते उतरतं. मी लोणच्याला काचेचीच बरणी घेते बाई

---

थोडं अवांतर. हा कुकर ज्याने काढला त्या इर्व्हिंग नॅक्सनला आईने आजीची गोष्ट सांगितलेली, लिथुआनियात शुक्रवारी संध्याकाळी चोलंटचं (ज्यू लोकांचा मंद शिजवलेला रस्सा) भांडं गावच्या बेकरीत नेऊन ठेवायचे आणि भट्टीच्या उरलेल्या धगीवर ते रात्रभर शिजायचं. पेटंट १९४०चं, क्रॉकपॉट नावाने बाजारात १९७१ला आला. आणि भांडं सुटं निघायला लागलं १९७४पासून, त्याआधी निघतच नसे, म्हणजे हा धागाच निघाला नसता. आमची आजी वैलावर, चुलीच्या बाजूच्या तोंडावर, दूध ठेवायची रात्री, त्याची साय... जाऊ दे

---

वैल! किती वर्षांनी ऐकला शब्द

---

पुण्यात स्लो कुकर कुणाकडे बघितला नाही, पण प्रेशर कुकरचे डबे म्हणाल तर आई कुकर एक्स्चेंजमध्ये देते आणि डबे ठेवून घेते. ७ झालेत. पोचे आलेल्यात पणत्या आणि वाती

---

वातींवरून आठवलं, इथे न्यूजर्सीत एडिसनमध्ये फुलवाती कुठे मिळतील?

---

ओक ट्री रोडला बघ, तिथे काय मिळत नाही

---

तिसरं भांडं बघितलं. गराजचा रिमोट होता आत. दोन महिने शोधत होतो, गेल्या आठवड्यात नवा आणला