डिरेक्टरी सर्व्हिस: निर्देशिका, नोंदसेवा की नुसतं एडी?

तळटीप: एका पतसंस्थेच्या कर्मचाऱ्यांसाठी पुस्तिका मराठीत करते आहे. सगळ्या शाखा आता अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीवर (एडी: वापरकर्ते, संगणक आणि त्यांचे अधिकार एका जागी नोंदवणारी मायक्रोसॉफ्टची डिरेक्टरी सर्व्हिस) येणार आहेत. मी 'निर्देशिका' लिहिलं, तपासणाऱ्यानं खोडलं. त्याचं म्हणणं, निर्देशिका म्हणजे फायली ठेवायची जागा, लोक फोल्डर शोधत बसतील. मला तर दूरध्वनी निर्देशिकाच आठवते. पुढे 'फॉरेस्ट' (एक किंवा अनेक डोमेनचा गट; डोमेन म्हणजे एकत्र सांभाळलेले वापरकर्ते आणि संगणक) आणि 'ओयू' (ऑर्गनायझेशनल युनिट, डोमेनच्या आतला कप्पा) आहेतच. काय करावं?

रॅकवाला: तुम्हाला आठवलं तेच बरोबर, अर्थ फोनच्या पुस्तकाचाच आहे. १९८८ चं एक्स.५०० हे डिरेक्टरी सेवांचं मानक टेलिफोनवाल्यांनीच बसवलं. सन कंपनीच्या एनआयएस या जुन्या डिरेक्टरी सेवेचं मूळ नाव तर 'यलो पेजेस'; ते नाव ब्रिटिश टेलिकॉमचं निघालं म्हणून बदलावं लागलं, पण आज्ञांमध्ये 'वायपी' अजून आहे. मात्र शाखेत लोक बोलतात ते 'मशीन डोमेनला घेतलं का', 'एडीचा पासवर्ड रिसेट करून द्या' असं. तेच लिहा.

मोडीवाचक: बोलतात तेच लिहायचं तर भाषांतर कशाला? राज्यव्यवहारकोश झाला तेव्हाही कारभारात फारसी शब्द पक्के रुळलेले होते. 'नोंदसेवा' म्हणा. आणि फॉरेस्टला 'वनराई'. 'राई' आली संस्कृत 'राजि'वरून, म्हणजे रांग. आमराई पाहा.

उंबरा: वनराईपेक्षा देवराई. आमच्याकडे कोकणात देवराईतलं वाळलेलं लाकूडसुद्धा बाहेर नेत नाहीत. हद्द म्हणजे हद्द.

रॅकवाला: हद्दीचा मुद्दा शंभर टक्के खरा. सुरक्षेची खरी हद्द फॉरेस्ट, डोमेन नव्हे. आतल्या सगळ्या डोमेनना स्कीमाही (नोंदीत काय काय असेल त्याचा आराखडा) एकच. तरी पुस्तिकेत देवराई नको, अडचणीच्या वेळी ती शोधणार कोण? त्याहून मोठा घोळ 'डीसी'चा, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या डोमेन कंट्रोलर सर्व्हरचा आहे. बँकेत डीसी म्हणजे डेटा सेंटर. 'आज रात्री डीसी रीस्टार्ट' असा निरोप वाचून एका ठिकाणी व्यवस्थापकांची धावपळ उडालेली मी पाहिली आहे. 'डोमेन कंट्रोलर' पूर्ण लिहा.

तळटीप: ओयूला 'विभाग' चालेल?

रॅकवाला: अजिबात नको. विभाग म्हटलं की लोक कर्ज, ठेवी, वसुली असा संस्थेचा तक्ताच तिथे उतरवतात. ओयू पाडायची ती पासवर्ड रिसेटचा अधिकार कुणाकडे सोपवायचा आणि कुठली पॉलिसी (संगणक वापराचे नियम) कुणाला लावायची, ते बघून.

मोडीवाचक: मग जुना 'पेटा' घ्या! तालुक्याचा पोटभाग, कारभार सोपवायलाच पाडलेला. जुन्या कागदांत पानोपानी सापडतो.

उंबरा: पेटा म्हटलं की आता आग्र्याचा पेठा, ती मिठाईच आठवते. 'महाल' बरा, तोही जुन्या कारभारातला भागच.

मोडीवाचक: महाल म्हटलं की राजवाडा, त्याचं काय?

रॅकवाला: पेटा म्हणा, महाल म्हणा, पण शाखांमध्ये स्वतंत्र डोमेन कंट्रोलर बसवणार की सगळं मुख्य कार्यालयातून? लाइन गेली तर शाखेतल्या लॉगिनचं काय ठरलंय? पुस्तिकेत ते पान आहे का?