सक्तीपेक्षा संकोच दूर करावा
सक्ती केल्याशिवाय प्राध्यापक आपले अध्यापन-साहित्य संस्थेच्या डिजिटल भांडारात ठेवणार नाहीत, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. आर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात भौतिकशास्त्रज्ञ १९९१ पासून स्वतःहून शोधनिबंध ठेवत आले, कारण तिथे काम सहकाऱ्यांच्या नजरेस लगेच पडते आणि ते आधी कोणी केले याची तारीखही नोंदली जाते. अध्यापन-साहित्याचे तसे नाही. स्लाइडमध्ये कुठून तरी उचललेली आकृती असते, उत्तरसूचीत एखादी चूक राहिलेली असते, आणि ती चारचौघांत उघडी पडेल या संकोचाने (मीही त्यातलाच) फाइल संगणकातच पडून राहते. तेव्हा ग्रंथपालांनी शेजारी बसून आकृतीचे हक्क तपासून द्यावेत, क्रिएटिव्ह कॉमन्सचा (इतरांना साहित्य कोणत्या अटींवर वापरता येईल हे सांगणारा) योग्य परवाना निवडायला मदत करावी, आणि डीओआय (डिजिटल साहित्याचा कायमस्वरूपी ओळख-क्रमांक) मिळालेली अशी नोंद पदोन्नतीच्या वेळी संस्थेने कामात धरावी.